विंडोज १० सोडून ११ वर जायचं का? आधी तुमचं मशीन तपासूया

"अरे, दुकानदार म्हणतो चौदा तारखेनंतर हा पीसी चालणार नाही. नवीनच घ्या म्हणतो. माझ्या फराळाच्या सगळ्या ऑर्डरी त्यातच आहेत रे!"

२०२५ च्या ऑक्टोबरात लालबागच्या एका काकूंचा हा फोन आला. दिवाळीला जेमतेम बारा दिवस उरले होते. घरात चकल्यांचा घाणा चालू, पोरी डबे भरतायत आणि काकू एक्सेलच्या शीटसमोर घाबरून बसलेल्या. मी त्यांना सांगितलं, "काकू, पीसी बंद पडणार नाही. दिवाळी होईपर्यंत त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. पाडव्यानंतर मी येतो."

तेव्हापासून तोच प्रश्न मला परळ, दादर, गिरगाव, सगळीकडून येतो: विंडोज ११ टाकावं का? सगळ्यांना लागू होईल असं एक उत्तर नाही. तुमचं मशीन कोणतं आणि त्यावर तुमचं काम कोणतं, या दोन गोष्टींवर ते ठरतं. कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही असं वाटणाऱ्या माणसालाही हे दोन्ही घरी बसून तपासता येतं. ते कसं, तेच इथे सांगतो.

आधी, नेमकं काय संपलं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. मुख्य संपलं ते हेच. मशीन चालू होतं, फायली उघडतात, प्रिंट निघते. पण त्या तारखेनंतर विंडोज १० मध्ये नवीन भोक सापडलं, तर ते बुजवणारं ठिगळ तुमच्या मशीनला आपोआप येणार नाही.

"मग येऊ दे की नाही, माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं बरेच जण म्हणतात. त्यांना मी २०१७ ची गोष्ट सांगतो. विंडोजमधल्या एका भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं, त्यांच्या मशीनमध्ये मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस घुसला आणि जगभर लाखो कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद झाल्या. जूनच्या शेवटी दुसरा हल्ला आला. त्याने आत शिरायला जे मार्ग वापरले, त्यातला एक याच भोकातून जात होता. त्या हल्ल्यात आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. असे हल्ले कुणाकडे काय आहे ते बघून होत नाहीत. जे दार उघडं सापडेल त्यातून आत शिरतात. काकूंच्या एक्सेलमध्ये सात वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, फोन नंबर आहेत, कुणाला बिनसाखरेचे लाडू लागतात त्याची नोंद आहे. ते गेलं तर त्यांचा धंदा गेला.

म्हणून घाबरायचं कारण नसलं, तरी दुर्लक्षही करायचं नाही.

पायरी १: मशीनची ओळख करून घ्या

स्टार्ट मेनू, मग "सेटिंग्ज", मग "सिस्टीम", आणि डाव्या यादीत सगळ्यात खाली "अबाउट". या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यात चार गोष्टी बघायच्या: प्रोसेसरचं नाव, रॅम किती, सिस्टीम ६४-बिट आहे की ३२-बिट, आणि विंडोजची आवृत्ती. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२. तुमची त्याहून जुनी असेल, तर आधी तिथपर्यंत अपडेट करा.

सगळ्यात महत्त्वाचा तो प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण "कोअर आय५-८२५०यू" असं नाव दिसेल. लोक आय३, आय५, आय७ एवढंच बघतात आणि "माझा आय७ आहे, म्हणजे चालणारच" म्हणतात. तिथेच चूक होते. बघायचा असतो डॅशनंतरचा आकडा. ८२५० म्हणजे आठवी पिढी. ७१०० म्हणजे सातवी. १०२१० म्हणजे दहावी. दहाव्या पिढीपासून लॅपटॉपवर "११३५जी७" सारखी नावंही आली. तिथे आकडे चारच असले तरी पहिले दोन धरायचे, म्हणजे अकरावी पिढी. विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सातव्या पिढीतल्या अगदी मोजक्या चिपना सूट आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेला सहाव्या पिढीचा आय७ अटींत बसत नाही आणि आठव्या पिढीचा साधा आय३ बसतो.

एएमडीचं रायझेन असेल तर ढोबळमानाने २००० च्या मालिकेपासून पुढे. पण त्या मालिकेतल्याही काही चिप यादीत नाहीत, म्हणून तिथे अंदाजावर जाऊ नका. पुढची पायरी करा.

पायरी २: पीसी हेल्थ चेक चालवा

मायक्रोसॉफ्टचं हे छोटं, मोफत ॲप आहे. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. गूगलवर वरच्या वर दिसणाऱ्या जाहिरातींतून काहीही उतरवू नका. "चेक नाऊ" दाबलं की मशीन बसतं की नाही ते कळतं आणि बसत नसेल तर कशामुळे, तेही कळतं. किमान अटी अशा: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (हे काय ते खाली सांगतो) आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालवू शकणारं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस. कागदावर ४ जीबी रॅम पुरते, पण प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली विंडोज ११ टाकू नये असं माझं मत आहे. क्रोमच्या पाच-सहा टॅब आणि एक एक्सेल उघडलं की ४ जीबीवालं मशीन धापा टाकायला लागतं.

इथे एका गोष्टीपाशी थांबतो, कारण तिच्यापायी लोकांचे पैसे फुकट जाताना मी पाहिलेत. प्रोसेसर चांगला आठव्या-नवव्या पिढीचा असतो, पण हेल्थ चेक म्हणतं टीपीएम नाही. असेंबल्ड पीसीत हे हमखास होतं. टीपीएम म्हणजे किल्ल्या जपून ठेवणारी तिजोरी. या पिढ्यांमध्ये ती बहुतेक वेळा प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं. इंटेलच्या बोर्डावर "पीटीटी" आणि एएमडीच्या बोर्डावर "एफटीपीएम" असं लिहिलेलं सापडतं. ते चालू करून सेव्ह करायचं. नवीन मदरबोर्डची गरज नाही.

मात्र हेल्थ चेकने सिक्युअर बूटबद्दल तक्रार केली, तर बायोसमध्ये "लेगसी" चं "यूईएफआय" करून मोकळे होऊ नका. जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर मांडणीत विंडोज टाकलेलं असेल, तर नुसतं ते बटण फिरवल्यावर मशीन सुरूच होणार नाही. आधी डिस्कची मांडणी जीपीटी करून घ्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच "एमबीआर२जीपीटी" नावाचं साधन आहे आणि त्यात डेटा जात नाही. पण हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. एकट्याने नको.

पायरी ३: कामाची यादी लिहा

मशीन बसलं म्हणून लगेच अपग्रेड करायचं नसतं. कागद घ्या आणि तुम्ही महिनाभरात त्या कॉम्प्युटरवर काय काय करता ते सगळं लिहून काढा. मेल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, ऑनलाइन बँक, वर्ड, एक्सेल एवढंच असेल, तर ही पायरी पाच मिनिटांत संपते. हे सगळं विंडोज ११ वर जसंच्या तसं चालतं.

छोट्या ऑफिसांना इथे वेळ द्यावा लागतो. टॅली असेल तर तुमची आवृत्ती चालेल का, हे तुमच्या टॅलीवाल्याला आधी विचारा. जीएसटी आणि आयकर रिटर्नसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असाल, तर त्याचा नवा ड्रायव्हर उतरवून ठेवा. जुना लेझर प्रिंटर असेल तर कंपनीच्या साइटवर त्याच्या मॉडेलपुढे विंडोज ११ लिहिलंय का ते बघा. कागदपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी प्रिंटर रुसला तर सगळा दिवस त्यातच जातो.

काही पतपेढ्यांत आणि जुन्या पेढ्यांवर डॉसमधलं, फॉक्सप्रोत लिहिलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आजही चालू आहे. ते ३२-बिट विंडोजवर चालत आलं. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये मिळतं आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. अशा मशीनला हात लावण्याआधी हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची सोय झालेली पाहिजे. ती होईपर्यंत ते मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवा.

आणि मराठीचं काम. गिरगावात माझ्या ओळखीचे एक दादा लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल करतात. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या फायली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये आहेत. हे फाँट युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीचे नाहीत. फाँट गेला की फायलीत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्यांचं मशीन नवव्या पिढीचं होतं, अपग्रेड सहज झालं असतं. पण एका कारागिराने त्यांना "फॉरमॅट मारून स्वच्छ टाकतो" असं सुचवलं होतं. तसं केलं असतं तर फाँट, सॉफ्टवेअर, त्याच्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर, सगळं पुन्हा बसवावं लागलं असतं आणि त्यांच्याकडे मूळ सीडी उरलेली नव्हती. आम्ही फाँटचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि फॉरमॅट न मारता आहे त्यावरूनच अपग्रेड केलं. पहिली पत्रिका उघडली. "श्री गणेशाय नमः" जागच्या जागी, वेलांटीसुद्धा हललेली नव्हती. तेव्हा कुठे दादांनी चहा मागवला.

माझा निर्णय कसा ठरतो

मशीन बसतं, विंडोज अस्सल आहे, कामाची यादी चालते आणि आत एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क आहे: तर बिनधास्त ११ वर जा. अस्सल, ॲक्टिव्हेट केलेल्या विंडोज १० वरून हे अपग्रेड मोफत आहे. त्यासाठी कुणाला लायसन्सचे पैसे देऊ नका.

मशीन बसतं पण आत जुनी फिरती हार्डडिस्क आहे: तर आधी एसएसडी टाका, मग अपग्रेड. उलट क्रमाने केलंत तर "विंडोज ११ ने पीसी स्लो केला" असं म्हणाल, आणि दोष खरा त्या डिस्कचा असेल.

विंडोज क्रॅक केलेलं आहे: तर पहिला खर्च लायसन्सवर करा. विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारी ती फुकटची साधनं आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्यांच्यासोबत आत काय काय येतं ते तुम्हाला दिसत नाही. सुरक्षेसाठी विंडोज बदलायचं आणि त्याच वेळी घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, याला अर्थ नाही.

मशीन बसतच नाही, त्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो.

पायरी ४: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. बाहेरची हार्डडिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि डी ड्राइव्ह त्यावर कॉपी करा. लोक विसरतात त्या गोष्टी: टॅलीच्या डेटाचं फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, आणि फाँट.

कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फायली उघडून बघा. उघडल्या, तरच तो बॅकअप. २०१९ साली एका गिऱ्हाइकाकडे मी स्वतः ही तपासणी केली नव्हती. डिस्कवर फोल्डरं दिसत होती, आतल्या निम्म्या फायली अर्धवट होत्या. बाळाच्या बारशाचे फोटो त्यात होते. त्या घरात पुन्हा जाताना आजही मला अपराधी वाटतं.

लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये बदल केल्यावर मशीन हीच की मागू शकतं. ती नसेल तर तुमच्याच डिस्कमधला तुमचा डेटा तुम्हाला मिळत नाही.

पायरी ५: प्रत्यक्ष अपग्रेड

शनिवारी सकाळी बसा. पाच-सहा जीबी डाउनलोड असतं, तेव्हा रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हे होणार नाही. घरचं वायफाय लागेल. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळे ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर धो धो पावसाच्या दिवशी हे काम काढू नका, कारण मध्येच वीज गेली तर विंडोज अर्धवट राहू शकतं.

"सेटिंग्ज", "अपडेट अँड सिक्युरिटी", "विंडोज अपडेट" इथे विंडोज ११ ची ऑफर दिसत असेल तर तिथूनच उतरवा. दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं "इन्स्टॉलेशन असिस्टंट" वापरा. एसएसडी असेल तर साधारण तास-दीड तास. हार्डडिस्कवर अर्धा दिवसही जातो. मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल आणि टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ अडून बसेल. पॉवरचं बटण दाबून ठेवू नका. जेवून या.

पायरी ६: पहिले दहा दिवस

स्टार्ट बटण मधोमध आलेलं बघून बिचकायला होतं. टास्कबारवर राइट क्लिक, "टास्कबार सेटिंग्ज", तिथे अलाइनमेंट "लेफ्ट" केलं की सवयीच्या जागी येतं. राइट क्लिकच्या मेनूत जुने पर्याय दिसत नसतील तर "शो मोअर ऑप्शन्स" दाबा. मराठी टायपिंगसाठी भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात आणि विंडोज बटण व स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. मंगल फाँट दिसत नसेल, तर "ऑप्शनल फीचर्स" मधून देवनागरीचे जादा फाँट टाका.

वनड्राइव्हकडे लक्ष ठेवा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घ्यायला तो पुढे येतो. मोफत जागा ५ जीबीच आहे. ती भरली की सारखे इशारे येतात आणि फाइल मशीनमध्ये आहे की क्लाउडवर, यात नवखा माणूस हरवतो. नको असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरचा बॅकअप थांबवा.

याच दिवसांत यादीतलं प्रत्येक काम एकदा करून बघा: प्रिंट काढा, टोकन लावून सही करा, जुनी पत्रिका उघडा. काही अडलंच, तर "सेटिंग्ज", "सिस्टीम", "रिकव्हरी" मधल्या "गो बॅक" ने दहा दिवसांपर्यंत विंडोज १० वर परत जाता येतं. त्यासाठी लागणारा "विंडोज ओल्ड" हा फोल्डर तोवर जागा साफ करायच्या नादात उडवू नका.

मशीन बसत नसेल तर

पाडव्यानंतर मी काकूंकडे गेलो. बशीत अनारसे आले आणि मी "अबाउट" चं पान उघडलं. आय३-७१००, सातवी पिढी. ४ जीबी रॅम आणि कण्हत फिरणारी हार्डडिस्क.

"म्हणजे दुकानदार बरोबर सांगत होता?" काकू म्हणाल्या.

"बसत नाही, एवढं बरोबर. पण काकू, तुम्हाला लगेच नवीन घ्यायची गरज नाही."

विंडोज १० च्या घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट ठेवले आहेत. विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" चा दुवा येतो. मशीन २२एच२ वर असलं पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या बरोबरीची रक्कम. काकूंचं मोफत झालं. मग लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम आणली. तुम्ही जाणार असाल तर रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत जाता येतं. सोबत मशीनच्या मॉडेलचा आणि आतल्या रॅमच्या लेबलचा फोटो ठेवा, आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल मागा.

अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कामाच्या मशीनवर मी त्या करत नाही.

फक्त ब्राउझर, मेल आणि लिहिणं एवढंच काम असेल, तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली मनापासून सुचवेन. पेनड्राइव्हवरून, काहीही न टाकता चालवून बघता येतं. मराठी युनिकोड नीट चालतं, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस सोबत येतं. टॅली, श्रीलिपी किंवा सहीचं टोकन असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

नवीन घ्यायचीच वेळ आली तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं साधं मशीन घरकामाला पुरतं, पुढची काही वर्षं धरून १६ जीबी घेतली तर उत्तम. दुकानात "एआय पीसी"चा आग्रह होईल. विंडोज ११ चालायला तो लागत नाही. आणि जुना कॅबिनेट भंगारवाल्याला देण्याआधी आतली डिस्क काढून घ्या.

काकूंचा पीसी आता वीस सेकंदांत उघडतो. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरात आहे आणि जादा अपडेट त्याआधीच, ऑक्टोबरात संपतात. म्हणून त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: "पीसीचं ठरवणे. ऑर्डरी घ्यायच्या आधी."